गोलंदाज, फलंदाज आणि नजरअंदाज

गेल्या डिसेंबरची गोष्ट. भिवंडी–ठाणे रस्त्यावरच्या गोदामांच्या मागे, एका आगरी गावात टेनिस बॉल क्रिकेटची रात्रीची स्पर्धा होती. माझा मेहुणा मला ओढून घेऊन गेला. माझी इच्छा नव्हती. नववीच्या वह्या तपासायच्या राहिल्या होत्या आणि थंडीत उभं राहून धुरळा खायची मला हौस नाही. दिव्यांचा झगमगाट, बाजूला वडापावची गाडी, नेत्यांचे फोटो असलेले बॅनर आणि कर्ण्यातून अखंड वाहणारं समालोचन.

त्या समालोचनाकडे माझं लक्ष गेलं, कारण ती मराठी उत्तम होती. "यष्टीरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू सीमारेषेपार! गोलंदाज कमरेवर हात ठेवून उभा, आणि मनात बोलतोय, काय चुकला रं माजा!" लोक हसत होते. प्रमाण मराठीतून आगरीत, तिथून हिंदीत आणि पुन्हा मराठीत, कुठेही अडखळणं नाही. मी मेहुण्याला विचारलं, "हा कोण बोलतोय?" तो म्हणाला, "भाईजान, तुमचाच शागिर्द आहे. निजामपुऱ्याचा."

डाव संपल्यावर मंचाजवळ गेलो. पोराने मला ओळखलं, माईक दुसऱ्याच्या हातात दिला आणि खाली उतरला. "अस्सलामु अलैकुम, सर." नाव इथे लिहीत नाही. पण तो आठवला तशी माझी मान थोडी खाली गेली. हा मुलगा दहावीला मराठीत नापास झाला होता. मराठी त्याला मी शिकवली होती.

एक वही

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. आमच्या मुलांच्या घरी उर्दू, दखनी, अवधी किंवा कोकणी बोलली जाते. मराठी त्यांना शाळेच्या पुस्तकातून भेटते, आणि बहुतेकांसाठी ती पास होण्याइतकीच भाषा राहते. गेली अठरा वर्षं मी याच दुखण्याशी झटतोय.

हा मुलगा नववीत असताना मी 'माझा आवडता ऋतू' हा निबंध लिहायला दिला होता. त्याने चार ओळी लिहिल्या होत्या, त्यातही दोन फळ्यावरच्या. पण बाकाखाली त्याची दुसरी वही उघडी होती. मी ती हिसकावून घेतली. गल्लीतल्या आणि आसपासच्या मैदानांवरच्या सामन्यांची नोंद होती त्यात. खेळाडूंची नावं उर्दूत, उजवीकडून डावीकडे. धावांचे आकडे डावीकडून उजवीकडे. तारीख, मैदान, षटकं. शेवटचा रकाना मला अजून आठवतो, त्याचं शीर्षक होतं 'क्यूँ आऊट हुआ'. तिथे प्रत्येक फलंदाज बाद होण्याचं कारण एका ओळीत लिहिलेलं होतं: कुणी घाईत, कुणी संध्याकाळच्या उजेडामुळे, कुणी रात्रपाळी करून आल्यामुळे.

मी वर्गासमोर ती वही वाचून दाखवली आणि सगळ्यांना हसवलं. मग कपाटात टाकली. त्याने दोनदा मागितली. मी म्हणालो, वर्षाच्या शेवटी देईन. वर्षाच्या शेवटी कपाट साफ झालं आणि वही रद्दीत गेली.

आज बी.एड.च्या भाषेत सांगायचं तर त्या मुलाने माहिती गोळा केली होती, तिचं वर्गीकरण केलं होतं आणि कारणं शोधली होती. हाच उपक्रम त्याने 'आपल्या परिसरातील पाऊस' या विषयावर केला असता तर मी त्याला विज्ञान प्रदर्शनात उभा केला असता. विषय क्रिकेट होता म्हणून मला त्यातली बुद्धी दिसली नाही.

करमणूक नावाचा डबा

दोष फक्त माझा आहे असं म्हणून सुटता येत नाही. आम्हाला तसंच शिकवलं गेलं. घरात अब्बांचा एक ठरलेला शब्द होता: लहव-ओ-लइब. म्हणजे रिकामपणाचे खेळतमाशे. खेळणारा बिघडतो आणि शिकणारा नवाब होतो, ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गंमत म्हणजे त्याच काळात खरेखुरे नवाब, पतौडीचे मन्सूर अली खान, क्रिकेट खेळूनच देशभर ओळखले गेले होते. १९६२ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी ते भारताचे कर्णधार झाले होते. पण म्हणीला कोण विचारतो?

दीनचा हवाला देणाऱ्यांना मी नम्रपणे आठवण करून देतो की ईदच्या दिवशी हबशी मंडळींनी मशीद-ए-नबवीत भाल्यांचे खेळ केले, पैगंबरांनी (स.) ते थांबवले नाहीत आणि हजरत आयेशांनी (रजि.) ते पाहिले, ही रिवायत सहीह बुखारीत आहे. अब्बांना हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "ते जिहादचे सराव होते, तुझ्यासारखं बाल्कनीत बसून कॉमेंट्री ऐकणं नव्हतं." त्यांच्याशी वाद घालणं अवघडच होतं.

शाळेच्या स्टाफरूममध्ये याच गोष्टीचं नाव 'टाइमपास' आहे. सिनेमा, क्रिकेट, कव्वाली, यूट्यूब हे सगळं एका डब्यात. त्याचा अभ्यास करता येतो, त्यावर विचार करता येतो, असं आमच्या बी.एड.च्या वर्षात कुणी सुचवलंही नाही. पुढे फार वर्षांनी पॉल विलिस या इंग्रज अभ्यासकाच्या १९७७ च्या पुस्तकाबद्दल वाचलं. त्याने एका औद्योगिक गावातल्या शाळेत कामगारांच्या बारा मुलांचा अभ्यास केला होता. त्यांची थट्टामस्करी, शिक्षकांना चिडवणं, कपडे, सिगारेट हे सगळं त्याने बारकाईने नोंदवलं. शाळेला नाकारणारी ही पोरं आपल्याच हौसेने बापाच्या कारखान्यात कशी पोहोचतात, हा त्याचा प्रश्न होता. वाचताना मला निजामपुऱ्यातले यंत्रमाग ऐकू येत होते. आमच्याही मागच्या बाकावरून मुलं कारखान्यात जातात. ती बाकाखाली काय करत होती, हे आम्ही कधी पाहिलं नाही.

तिसरा डबा बाहेरच्या लोकांनी बनवलाय, आणि तो जास्त टोचतो. मुसलमान आणि क्रिकेट हे दोन शब्द एकत्र आले की चर्चा एकाच सामन्याची होते. भारत–पाकिस्तान. मी नोकरीला नवा होतो तेव्हा एका प्रशिक्षण शिबिरात एक सहकारी मला हसत हसत म्हणाला, "काय सर, उद्या तुमचं कोण जिंकणार?" वाईट माणूस नव्हता तो. चहा त्यानेच आणून दिला होता. पण त्या 'तुमचं' शब्दाला मला उत्तर सुचलं नाही. मी म्हणालो, "माझं काही क्रिकेटवर लक्ष नसतं." हे खोटं होतं. झहीर खान आमच्या महाराष्ट्रातल्या श्रीरामपूरचा, वसीम जाफर मुंबईचा, आणि १९८२ मध्ये लॉर्ड्सवर कसोटी खेळलेले गुलाम परकार रत्नागिरी जिल्ह्यातल्या कालुस्त्याचे, हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण मला उत्तरासाठी खेळाडूंची यादी नको होती. मला इतिहास हवा होता, आणि तो माझ्याकडे नव्हता.

एका मराठी पुस्तकाचा धागा

तो इतिहास मला रामचंद्र गुहांच्या २००२ च्या क्रिकेटवरच्या पुस्तकात सापडला. त्यातली माझ्यासाठी सर्वात मोठी बातमी ही होती की त्या इंग्रजी पुस्तकाचा एक महत्त्वाचा आधार मराठी आहे. पालवणकर विठ्ठल यांचं 'माझे क्रीडा-जीवन', १९४८ साली छापलेलं आत्मचरित्र. मराठी शिकवणाऱ्या माणसाने हे नाव कधी ऐकलंही नव्हतं.

विठ्ठल यांचे थोरले भाऊ पालवणकर बाळू. चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखायचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. त्यांची फिरकी इतकी जबरदस्त होती की पुण्याच्या हिंदू संघाला त्यांना घ्यावंच लागलं. मैदानावर सगळे एका चेंडूला हात लावत. पण चहा आला की बाळूंचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर याच माणसाने ११४ बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळालं नाही. त्यासाठी भावांना भांडावं लागलं, सामन्यातून अंग काढून घ्यावं लागलं, आणि अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं मिळाली, बाळूंना ११,२२५. एका गोलंदाजाच्या आयुष्यात जातीचा, राष्ट्रीय चळवळीचा आणि दलित राजकारणाचा इतका इतिहास मावतो.

आता आमच्याकडे वळू. मुंबईत तेव्हा संघ धर्माप्रमाणे होते. आधी युरोपियन आणि पारशी, १९०७ मध्ये हिंदू आले, १९१२ मध्ये मुस्लिम आले आणि स्पर्धा चौरंगी झाली. १९३७ मध्ये उरलेल्यांचा, म्हणजे ख्रिस्ती, ज्यू वगैरेंचा पाचवा संघ आला. याच पाचव्या संघाकडून सांगलीत जन्मलेल्या ख्रिस्ती विजय हजारेंनी १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध ३०९ धावा केल्या. संघाच्या एकूण धावा होत्या ३८७. धर्माच्या नावाने सामने भरवणं गांधीजींना मान्य नव्हतं आणि डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी वर्ध्याहून तसं स्पष्ट सांगितलं. त्यांचं म्हणणं मला पटतं. तरी लोक आले, हजारोंनी आले.

आणि १९४४ चा अंतिम सामना. हिंदू विरुद्ध मुस्लिम. पाकिस्तानची मागणी ऐन भरात होती. मुस्लिम संघ अवघ्या एका गड्याने जिंकला. के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद राहिले. इतक्या चुरशीचा, इतक्या नाजूक वेळचा सामना, आणि तो क्रिकेटसारखाच संपला. हेच इब्राहिम फाळणीनंतर, १९४८ मध्ये, भारताकडून वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी खेळले. पुढे ते पाकिस्तानात गेले आणि कराचीत वारले. या आयुष्याला 'तुमचं' किंवा 'आमचं' म्हणून बघा, दोन्हीकडून काहीतरी बाहेर उरतंच.

शिबिरातल्या त्या सहकाऱ्याला मी आज हे सांगू शकेन. वाद जिंकण्यासाठी नव्हे. त्याने विचारलेला प्रश्न आपल्या दोघांपेक्षा जुना आहे, एवढं तरी आम्ही चहा संपेपर्यंत बोललो असतो.

भिवंडीबद्दल वाचायला बसलं की काय हाती लागतं? १९७० ची दंगल, तिच्यावरचा न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल, १९८४ ची दंगल, यंत्रमागांची मंदी. हे सगळं खरं आहे आणि वाचलंच पाहिजे. पण या शहराने दंगलींच्या अधल्यामधल्या वर्षांत काय केलं, रात्रपाळी संपल्यावर माणसं कशाने हसली, हे कुठल्या अहवालात असणार? ते त्या मुलाच्या वहीत होतं.

वर्गातला एक तास

डिसेंबरच्या त्या रात्रीनंतर मी वर्गात एक प्रयोग केला. फळ्यावर दोन शब्द लिहिले: गोलंदाज, फलंदाज. शेजारी उर्दूत: गेंदबाज, बल्लेबाज. विचारलं, फरक काय?

मुलं गप्प. मग मी 'तीरअंदाज' लिहिलं. एकजण ओरडला, "सर, तीर फेकणारा!" बरोबर. फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणं. त्यावरून 'अंदाज' म्हणजे फेकणारा. गोलंदाज म्हणजे गोळा फेकणारा, तोफखान्यातला तोफची. मराठ्यांच्या फौजेत गोलंदाज होते. तोफा थंडावल्या, शब्द मराठीत राहिला, आणि क्रिकेट आल्यावर मराठीने तो चेंडू टाकणाऱ्याला देऊन टाकला. त्याच धर्तीवर फलंदाज झाला. उर्दूने 'बाज' घेतला, म्हणजे खेळणारा, जसा पतंगबाज. म्हणजे एकाच फारसीच्या घरातून मराठीने एक शब्द उचलला आणि उर्दूने दुसरा. शेजारी 'यष्टी' आहे, तो संस्कृतातला, म्हणजे काठी. 'झेल' घ्या, तो आपला घरचा. 'मैदान' पुन्हा फारसी.

पस्तीस मिनिटांच्या तासात मुलांनी चाळीसेक शब्द सांगितले. ज्यांच्या तोंडून 'माझा आवडता ऋतू' निघत नव्हता, त्यांना 'क्षेत्ररक्षण', 'नाणेफेक', 'पायचीत' हे सगळं येत होतं. कुठून आलं? मैदानावरच्या कर्ण्यातून. बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी रेडिओवरून मराठीत क्रिकेट घरोघरी पोहोचवलं, त्याच वाटेवरची ही आजची पोरं. ती मराठी शिकत होती, फक्त माझ्याकडून नव्हे.

मग घरी करायला उपक्रम दिला: आपल्या घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, कामाच्या काळात मन कशात रमायचं? मुलांनी सिनेमा आणला, कॅरम आणला, भिसीतल्या रात्रीच्या कव्वालीच्या कॅसेट आणल्या. एका मुलीने आपल्या नानीबद्दल तीन पानं लिहिली. नानी घरी बसून कांड्या भरायची. तिला बुधवार कळायचा तो बिनाका गीतमालेमुळे, अमीन सायानींच्या आवाजामुळे. बाकीचे सगळे दिवस सारखेच. मुलीने शेवटी लिहिलं की नानी कधी मैदानावर गेली नाही, सिनेमालाही लग्नानंतर गेली नाही, म्हणून तिच्याकडे फक्त आवाज होते. मी मराठी शिकवायला लागल्यापासून वाचलेल्या निबंधांत हा वरचा आहे.

गांभीर्य म्हणजे कौतुक नव्हे

एक सहकारी म्हणाले, "पोरं आधीच खेळात आणि मोबाइलमध्ये बुडालीत. तुम्ही त्याला अभ्यासाचा दर्जा दिलात तर गणित-विज्ञान कोण करणार?" आक्षेप खरा आहे. मला त्याला टाळायचं नाही.

पण गंभीरपणे घेणं म्हणजे डोक्यावर घेणं नव्हे. अभ्यास करायचा तर अवघड प्रश्न आलेच. त्या रात्रीच्या स्पर्धेचं बक्षीस कोण देतं? बॅनरवर कुणाचे फोटो असतात आणि का? प्रेक्षकांत मुली का दिसत नाहीत? पैसे लावून मोबाइलवर संघ बनवायच्या ॲपमध्ये आमच्या किती पोरांचे पगार गेले? २०२५ मध्ये संसदेने कायदा करून असे खेळ बंद केले, पण ते बंद होईपर्यंत शाळेत आम्ही त्यावर एक तासही बोललो नव्हतो. टाइमपास म्हणून बाजूला ठेवलेल्या गोष्टीची चिकित्साही होत नाही. तिथे मग जाहिरातवाले आणि नेते शिकवणी घेतात.

आणि आजची करमणूक उद्या काय होईल, हे कुणी सांगावं? आम्ही मुस्लिम मराठी मंडळी शाहीर अमर शेखांचं नाव अभिमानाने घेतो. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल, ज्याच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पेटल्या. आज त्यांच्यावर प्रबंध लिहिता येतो. पण त्यांचं पहिलं विद्यापीठ कामगारवस्ती आणि सभेचा मंचच होता. मालेगावचं उदाहरण आणखी जवळचं. आमच्यासारखंच यंत्रमागांचं गाव. तिथे नासिर शेख आणि त्यांच्या दोस्तांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' बनवला. फैजा अहमद खान यांनी त्यांच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि २०२५ मध्ये हिंदी सिनेमाही आला. बाहेरच्या माणसांनी कॅमेरा रोखला तेव्हा कळलं की आपल्या गल्लीत काहीतरी पाहण्यासारखं होतं. दर वेळी बाहेरच्याचीच वाट पाहायची का?

शेवटी त्या मुलाबद्दल

मैदानावरच्या त्या रात्री मी त्याला वहीबद्दल विचारलं. वाटलं होतं विसरला असेल. तो म्हणाला, "सर, ती माझी तिसरी वही होती. नंतर लिहिणं सोडलं." एवढंच. रागाचा सूर नव्हता, म्हणून जास्त लागलं.

तो दिवसा कारखान्यात असतो, मोसमात रात्री समालोचन करतो. एका सामन्याचे काहीशे रुपये मिळतात. मी म्हणालो, एका वृत्तवाहिनीत माझ्या ओळखीचा माणूस आहे, अर्ज कर. तो हसला. "सर, माईकवर बोलता येतं. लिहिता येत नाही. अर्ज कोण लिहिणार?" इथे माझी सगळी हौशी मांडणी थांबते. मैदानाने त्याला भाषा दिली, पण कागद दिला नाही. कागद देणं माझं काम होतं. त्याच्या बाकाखालच्या वहीपासून मी सुरुवात केली असती, तर कदाचित तो कागदापर्यंत आला असता.

वर्गात त्या दिवशी 'अंदाज'वाले शब्द गोळा करताना एका मुलाने विचारलं होतं, "सर, नजरअंदाज पण त्यातलाच का?" हो, त्यातलाच. नजरेबाहेर फेकलेला. मी तो फळ्यावर गोलंदाजाखाली लिहिला आणि थोडा वेळ खडू हातात धरून उभा राहिलो.

आता दर शुक्रवारी जुमेच्या नमाजनंतर तो मुलगा तासभर माझ्या घरी येतो. पुन्हा दहावीला बसायचं ठरलंय. पहिल्या दिवशी मी त्याला एक कोरी वही दिली आणि निबंधाचा विषय दिला नाही. त्याने विचारलं, "काय लिहू?" मी म्हणालो, "मागच्या रविवारचा सामना. शेवटचा रकाना विसरू नकोस."